बर्फावरचा चहाचा डाग

घाटकोपरच्या भटवाडीत काशीराम मेस्त्रींचं फोटोफ्रेमचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, दोन गिऱ्हाइकं आत शिरली तर तिसऱ्याने फुटपाथवर उभं राहून बोलायचं. पण त्या एवढ्याशा जागेतून आजवर जितकी माणसं मेल्यानंतर देखणी होऊन बाहेर पडली, तितकी जिवंतपणी कुठल्या ब्यूटी पार्लरमधून पडली नसतील. ज्याने जन्मात कोट घातला नाही, त्याला मेस्त्रींनी कोट घातला. ज्या म्हातारीच्या लुगड्याचा काठ फोटोत पुसट झाला होता, तिला ठसठशीत जरीचा काठ काढून दिला. कुणी सांगितलेलं नसायचं. फोटो हातात आला की डोळ्यांजवळ धरायचा, "ह्या जरा नीट करूक व्हया" असं स्वतःशीच म्हणायचं आणि बारीक ब्रश उचलायचा, ही त्यांची रीत. याचे वेगळे पैसे ते लावत नसत, त्यामुळे लोकांना नको म्हणायलाही तोंड नसे.

या रीतीने एकदा घोटाळा झाला होता. असल्फ्याच्या एका बाईने नवऱ्याचा फोटो दिला आणि मेस्त्रींनी गालावरचा मोठा तीळ डाग समजून बुजवून टाकला. बाई फोटो घ्यायला आली ती रडायलाच लागली. म्हणाली, हे आमचे नव्हेतच. मेस्त्रींनी घाईघाईने तीळ परत काढून दिला, पण दुसऱ्या गालावर. बाई बिचारी तसाच घेऊन गेली. मेस्त्रींची बायको शेवंती ही गोष्ट अजून चारचौघांत रंगवून सांगते आणि मेस्त्री दर वेळी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा चेहरा करतात. यातून माणसाने काही शिकावं की नाही? पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते काही उगाच नाही.

खोड लागली ती पाट्यांमुळे. मेस्त्री मूळचे मालवणकडचे. वडील परळला गिरणीत होते. संप झाला, गिरणी गेली आणि घर भटवाडीच्या बैठ्या चाळीत आलं. काशीराम तेव्हा भाऊ पेंटरांच्या हाताखाली दुकानांच्या पाट्या रंगवत होता. भाऊंचा कायदा एकच. डाग दिसला की घासायचा, घासला की भरायचा आणि मगच अक्षराला हात लावायचा. पॉलिश पेपरने पत्रा गुळगुळीत केल्याशिवाय ब्रश उचललेला त्यांना खपत नसे. या कायद्यावर काशीरामने तीस वर्षं काढली. दवाखाने रंगवले, पिठाच्या चक्क्या रंगवल्या, एका पक्षाच्या भिंती रंगवल्या आणि पुढच्या निवडणुकीला त्याच भिंतींवर दुसऱ्या पक्षाचं नाव रंगवलं. मग फ्लेक्स आला, पाट्यांचा धंदा बसला आणि मेस्त्रींनी फ्रेमचं दुकान टाकलं. दुसरा कोणी असता तर नशिबाला बोल लावत बसला असता. मेस्त्री म्हणाले, तीस वर्षं शिडीवर उभा होतो, देवाने आता बसायचं काम दिलं. माणूस असा, उठताबसता कुणाचे ना कुणाचे उपकार मानणारा.

गेल्या नोव्हेंबरात एका मंगळवारी कांजूरमार्गहून दर्शना ओव्हाळ नावाची बाई दुकानात आली. पन्नाशीच्या आतबाहेरची, महापालिकेच्या दवाखान्यात औषधं देणारी. तिने पिशवीतून जुनी फाइल काढली आणि फाइलमधून एक चित्र. तिचे वडील, हवालदार सहदेव ओव्हाळ, एकाहत्तरच्या लढाईत उत्तरेला बर्फात होते, तिथे त्यांनी काढलेलं. रंग कुठले मिळणार तिथे? दात घासायच्या पांढऱ्या पावडरीत डिंक कालवून बर्फ केला, बुटाच्या पॉलिशने डोंगर केले आणि चहाच्या पाण्याने माती. आजवर चित्र ट्रंकेत होतं. येत्या रविवारी वडिलांना सत्याहत्तर पूर्ण होत होती आणि आता त्यांनी स्वतःहून ते भिंतीवर लावायला मागितलं होतं. त्यांची नजर गेल्या दोन वर्षांत फार उतरली होती. समोरचं दिसत नाही, कडेकडेचं तेवढं दिसतं, असं ती म्हणाली. फ्रेमला साधी काळी पट्टी, चांगली काच आणि शनिवारी तयार, एवढं ठरवून ती ड्युटीला पळाली.

चित्र म्हणजे शिध्याच्या खोक्याचा हातभर पुठ्ठा होता. त्यावर सगळं पांढरं. वरच्या बाजूला डोंगराची काळी धार. डावीकडे एक पान नसलेलं झाड. एका दगडी खोपटातून निघालेली धुराची बारीक रेघ. आणि खालून निघून डोंगराच्या धारेपर्यंत गेलेली पावलं, नुसती जाणारी. परतीचं एकही पाऊल नाही. खाली उजव्या कोपऱ्यात मात्र, कोऱ्या बर्फावर, बशीएवढा नाही पण कपाच्या बुडाएवढा एक तपकिरी गोल डाग पडलेला.

मेस्त्रींनी ते समोरच्या खिळ्याला टांगलं आणि दोन दिवस येताजाता बघत राहिले. त्यांनी बर्फ पाहिला होता तो मासळी बाजारातला. एवढं पांढरं पसरलेलं म्हणून त्यांना आठवली ती कांजूर-भांडुपची मिठागरं. पण मिठागरात माणसं वाकलेली असतात, इथे कोणीच नव्हतं. त्यांना त्या पावलांचं फार वाटलं. एवढ्या थंडीत हा एकटा माणूस कुठे गेला असेल, आणि त्याला कोणी थांबवलं कसं नाही?

शेजारच्या झेरॉक्सवाल्या निलेशने चित्र बघितलं आणि म्हणाला, हे बघून आपल्याला तर डिप्रेशन येतं यार. बुधवारी संध्याकाळी देवव्रत सर आले. सर पालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, आणि कुठलंही चित्र दिसलं की त्यांचा तास सुरू होतो. त्यांनी चष्मा वर-खाली करून सांगितलं की उघडं झाड म्हणजे मृत्यू, पांढरा रंग म्हणजे कफन, धूर म्हणजे विझत चाललेली आशा आणि एकट्याची पावलं म्हणजे परत न येणारा सैनिक. एकूण भाव नैराश्याचा. मेस्त्रींनी सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि कोपऱ्यातल्या गोल डागावर बोट ठेवून विचारलं, सर, ह्याचा अर्थ काय?

"तो डाग आहे हो," सर म्हणाले. "त्याला अर्थ नसतो."

झालं. मेस्त्रींना एवढंच हवं होतं.

खरं सांगायचं तर हेतू सोन्यासारखा होता. गुरुवारी दुपारी जेवून आल्यावर मेस्त्री त्या चित्रापुढे उभे राहिले आणि त्यांच्या मनात आलं, हा माणूस आपल्यासाठी तिथे उभा राहिला. आपण त्या डिसेंबरात बारा वर्षांचे होतो, ब्लॅकआउटसाठी खिडक्यांना काळे कागद लावून अंधारात खिदळत होतो, आणि हा तिथे दाताच्या पावडरीने चित्र काढत होता. त्याला आपण काय दिलं? निदान त्याचा बर्फ तरी स्वच्छ करून देऊ. त्यांनी भाऊंच्या कायद्याप्रमाणे अगदी बारीक पॉलिश पेपर घेतला आणि डाग घासायला सुरुवात केली. अर्धाअधिक घासल्यावर पावडरीचे कण सुटायला लागले, तेव्हा ते घाबरून थांबले. उरलेल्यावर नुसताच पांढरा पोस्टर कलर चढवला, हलक्या हाताने, आजूबाजूच्या बर्फाशी जुळवून घेत. तासाभरात डाग असा गेला की स्वतः मेस्त्रींनाही जागा सापडेना. आपल्या हातावर ते मनापासून खूश झाले.

शुक्रवारी सकाळी दर्शनाचा फोन आला. काका, एक सांगायचं राहिलं, म्हणाली. बाबांनी दोनदा बजावलंय. उजव्या कोपऱ्यात चहाचा गोल डाग आहे ना, त्याच्यावर पट्टी यायला नको. तो पूर्ण दिसला पाहिजे. का म्हणून विचारू नका, आम्हालाही त्यांनी कधी सांगितलेलं नाही. आई एकदा ओल्या फडक्याने पुसायला गेली होती, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडले होते.

मेस्त्री हो म्हणाले. फोन ठेवला आणि स्टुलावर बसले. समोर चित्र. स्वच्छ.

माणूस संकटात सापडला की आधी स्वतःची कला आठवते. मेस्त्रींनी विचार केला, आपण डोळे मिटून वर्तुळ काढणारी माणसं, एक डाग आपल्याला जड आहे का? म्हाताऱ्याला समोरचं दिसत नाही. मुलगी काही कंपास घेऊन बसणार नाही. त्यांनी गल्लीतल्या भंगारवाल्याकडून तामचिनीचा जुना मग आणला, घरी जाऊन कोरा चहा उकळला आणि पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर ठसे पाडायला बसले. पहिले दोन फसले. तिसरा ओघळला. पाचवा मात्र असा उमटला की त्याच्याकडे बघून मेस्त्रींचा जीव भांड्यात पडला. कडेला गडद, आत फिकट, एका बाजूला जरा तुटलेला. थेट तसाच.

शेवंती भाजी निवडता निवडता हे सगळं बघत होती. तिने सविस्तर विचारलं आणि मेस्त्रींनी सविस्तर सांगितलं, कारण तिच्यापुढे न सांगून भागत नाही. तिने पाचवा ठसा हातात घेऊन बघितला. बरा झाला, म्हणाली. मग तो खाली ठेवला.

"पण ह्यो मग तुमी ठेवलात. जेना ठेवलो होतो, तो खंय हा?"

मेस्त्री म्हणाले की म्हाताऱ्याला काय कळणार.

"तुमका कळतला मा," शेवंती म्हणाली. "जावा नि सांगा. गाळी घातल्यानी तर खावा."

शनिवारी सकाळी मेस्त्रींनी चित्र आहे तसं, फ्रेम न लावता, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि कांजूरमार्गला गेले. जाताना बोलायचं काय ते पाठ केलं होतं. इमारतीच्या तीन जिन्यांत ते सगळं विसरून झालं.

दार दर्शनाने उघडलं. दुकानदार स्वतः घरपोच आला म्हणून तिला नवल वाटलं. आत खिडकीपाशी खुर्चीत सहदेव ओव्हाळ बसले होते. अंगाने वाळलेले, पण पाठ ताठ. इस्त्रीचा सदरा, आणि मान जराशी वळवलेली, कारण माणूस बघायचा तर त्यांना त्याच्या शेजारी बघावं लागे. मागे भिंतीवर तथागतांची तसबीर होती. तिच्या फ्रेमचा एक कोपरा उसवलेला मेस्त्रींना अशाही परिस्थितीत दिसलाच.

"जय भीम, मेस्त्री. बसा," म्हातारा म्हणाला. "आणलंत चित्र? चार दिवस होतं तुमच्यापाशी. काय दिसलं तुम्हाला त्यात?"

हा प्रश्न मेस्त्रींनी पाठ केलेल्या उत्तरांत नव्हता. त्यांनी पुठ्ठा म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवला आणि जे वाटलं होतं ते सांगून टाकलं. आधी मिठागर आठवलं. मग एकट्याने गेलेला तो माणूस बघून फार वाईट वाटलं. आमचे सर म्हणाले की उघडं झाड म्हणजे मरण, धूर म्हणजे विझत चाललेली आशा, चित्र उदास आहे. माझ्या मनाला ते पुरतं पटलं नाही, पण माझं शिक्षण तेवढं नाही.

सहदेव हसले. "एकटा? मेस्त्री, ती अकरा माणसं आहेत."

मेस्त्रींना काही कळेना. मग म्हाताऱ्याने सांगितलं. बर्फात गस्तीला जाताना एकामागून एक जायचं आणि पुढच्याच्या पावलात पाऊल टाकायचं, असा नियम. खाली काय आहे ते कोणाला माहीत, म्हणून. अकरा जण गेले तरी मागे पावलं उरतात ती एकाचीच. झाड उघडं होतं कारण थंडीत ते उघडंच असतं, मार्चात त्याला पालवी फुटते. आणि धूर आमच्या चुलीचा होता. मी पेटवलेल्या. विझायला आलेला नाही तो, नुकता पेटलाय, म्हणून बारीक आहे.

दर्शना चहाचे कप घेऊन येता येता दारातच थांबली. वडील या चित्राबद्दल बोलताहेत हे ती पहिल्यांदा ऐकत होती.

म्हातारा सांगत गेला. त्या गस्तीवर जायची पाळी त्याची होती. आदल्या दिवशीपासून पायाची बोटं थंडीने सुजून काळी पडली होती, बूट चढत नव्हता. तरी तो कसाबसा उभा राहिला, तेव्हा राजाराम गावडे नावाच्या दोस्ताने त्याला खांद्याला धरून खाली बसवलं, तुझ्या जागी मी जातो म्हणाला. राजाराम कुडाळकडचा, बडबड्या. सहदेव माणदेशातला, तिथे प्यायला पाणी नाही. राजाराम त्याला रोज समुद्राच्या गोष्टी सांगायचा. त्या सकाळी सहदेवने चूल पेटवली, चहा केला आणि चित्र काढायला घेतलं. समोरचं झाड झालं, खोपटं झालं, बर्फही झाला, त्याचा रंग अजून ओला होता. राजाराम चहाचा मग घेऊन मागे येऊन उभा राहिला.

"म्हणला, सहदेवा, सगळा बराबर काढलंस, पण माड खंय हा?" इथे म्हाताऱ्याने मालवणी बोलायचा प्रयत्न केला, आणि तो इतका वाईट नव्हता. "मी म्हणलं, येड्या, हितं माड कुठला? तर म्हणतो, माडाशिवाय कसलं चित्र. तेवढ्यात गस्तीची शिट्टी झाली. हातातला मग ठेवायला जवळ सपाट जागा दिसली नाही, तर त्यानं तो चित्रावरच ठेवला. ओल्या बर्फावर. मी ओरडलो त्याच्या अंगावर. तो हसला, मग उचलून दगडावर ठेवला आणि म्हणला, तू बस काढीत, मी जावन येतंय. ती पावलं मी ते गेल्यावर काढली."

संध्याकाळी दहा जण चालत आले. अकरावा पाठीवर.

मग म्हाताऱ्याने मान वळवून, कडेच्या नजरेने पुठ्ठ्याचा अंदाज घेतला आणि त्याचा उजवा हात कोपऱ्याकडे सरकायला लागला.

मेस्त्रींनी तो हात धरला. धरल्यावर आपण काय केलं हे त्यांच्या लक्षात आलं, पण आता सोडून चालणार नव्हतं.

"साहेब, तो डाग मी पुसला," ते म्हणाले. "मला वाटलं घाण आहे. घासला आणि वर पांढरा लावला. मला कोणी सांगितलं नव्हतं."

आणि तोंड उघडलंच आहे तर मेस्त्रींनी राहिलेलंही सांगितलं. भंगारातला मग, पाच ठसे, तुम्हाला दिसत नाही म्हणून फसवायचा मनात आलेला विचार, बायकोने अडवलं ते. दर्शनाने हातातले कप टेबलावर ठेवले. तिच्या चेहऱ्याकडे बघायची मेस्त्रींची हिंमत नव्हती.

सहदेवांचा हात मेस्त्रींच्या हातात तसाच होता. मग त्यांनी तो काढून घेतला.

"कुणी सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. "मग कशाला केलंत?"

मेस्त्री मान खाली घालून बसले आणि शेवंतीने सांगितलेल्या शिव्यांची वाट बघू लागले.

शिव्या आल्या नाहीत. म्हाताऱ्याने पहिलं बोट कोपऱ्यावर टेकवलं आणि डोळे मिटले. बोट हळूहळू फिरायला लागलं. एका जागी थांबलं, मागे गेलं, पुन्हा पुढे आलं. मेस्त्रींनी जिथे घासलं होतं तिथे ते गुळगुळीत पांढऱ्यावर उगाच इकडेतिकडे फिरलं. मग बोट जरा वर सरकलं आणि तिथून एका वळणाने, न चुकता, खाली आलं.

"अर्धा हाय," सहदेव म्हणाले.

मेस्त्रींना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. म्हातारा म्हणाला, बर्फ ओला होता तेव्हा मग ठेवला होता ना. भरलेला मग, गरम, जड. नुसता डाग नाही पडला, खाच पडली. दोन वर्षं झाली मला डाग दिसत नाही. मी बोटानेच बघतो. इथनं इथपर्यंत तुम्ही घासून घालवलात. इथनं पुढं तुमच्या रंगाखाली आहे. मेस्त्रींनी गुरुवारी दुपारी घाबरून हात आवरला होता तो बरोबर इथे.

"बोट लावा," सहदेव म्हणाले.

मेस्त्रींनी लावलं. पण चाळीस-पन्नास वर्षांच्या टर्पेंटाइनने आणि काचेच्या कापांनी बोटाचं कातडं असं झालं होतं की आधी काहीच लागेना. पुठ्ठाच लागत होता. सहदेवांनी त्यांचं मनगट धरलं आणि जागेवर आणलं. डोळे मिटा, म्हणाले. मेस्त्रींनी डोळे मिटले. आणि मग नखाच्या कडेला ती जाणवली, केसाएवढी बारीक, वळत जाणारी खाच.

"गावलो," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मालवणी आपोआप तोंडून गेलं होतं. ते ऐकून सहदेवांनी पटकन मान वळवली आणि क्षणभर तशीच ठेवली.

थोड्या वेळाने म्हातारा मुलीकडे वळून बोलायला लागला. मेस्त्री समोर होते, पण सांगणं तिला होतं. म्हणाला, तुम्हाला मी हे सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही रडला असता आणि या चित्राचं सुतक करून टाकलं असतं. तुमच्या सरांनी केलं ना, मेस्त्री, तसंच. हे चित्र मरणाचं नाही. त्या सकाळी चहा झाला होता, चूल पेटली होती, दोस्त मस्करी करत होता आणि अकरा माणसं एकमेकांच्या पावलांत पाय टाकून चालली होती. त्याने माझी पाळी घेतली. त्यानंतरची चोपन्न वर्षं, तुझी आई, तुम्ही दोघी बहिणी, कंपनीतली नोकरी, ही खिडकी, हे सगळं मला मिळालं ते त्या मगाच्या पुढचं आहे. मी दुःख करायला ट्रंक उघडत नव्हतो. मी त्याचे आभार मानायला उघडत होतो.

दर्शना त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून राहिली. चहा गार झाला. मेस्त्रींनी तो तसाच प्यायला आणि रिकामा कप कुठे ठेवावा हे न कळून हातातच धरून बसले.

निघताना त्यांनी भीत भीत विचारलं, फ्रेमचं काय करू? म्हणजे मी करू का, की दुसऱ्या कोणाला द्यायचंय?

"तुम्हीच करा," सहदेव म्हणाले. "तुम्ही येऊन सांगितलंत. नसतं सांगितलंत आणि माझ्या बोटाला नुसता अर्धा लागला असता, तर मी समजलो असतो की आता बोटंही गेली. तुमचे उपकार आहेत ते माझ्यावर. पण काच लावू नका."

मेस्त्री गडबडले. जन्मात त्यांनी काचेशिवाय फ्रेम दिली नव्हती. त्यांनी समजावून सांगितलं की पावडरीचं काम आहे, कांजूरची धूळ आहे, पावसाळ्यात दमट हवा. काच नसेल तर पाच-सहा वर्षांत चित्राची वाट लागेल. दर्शनानेही तेच म्हटलं.

"पाच-सहा वर्षं पुष्कळ झाली," सहदेव म्हणाले. "मी आहे तोवर उघडं राहू दे. हात पोचला पाहिजे. मग लावा काच."

रविवारी सकाळी मेस्त्री आणि शेवंती दोघं जाऊन फ्रेम लावून आले. म्हातारा खुर्चीत बसल्यावर हात सहज पोचेल एवढ्याच उंचीवर खिळा ठोकला. तथागतांच्या तसबिरीचा उसवलेला कोपरा मेस्त्रींनी न विचारता दुरुस्त केला, पण ब्रश बरोबर नेला नव्हता. हल्ली फोटो फ्रेमला आला की ते आधी गिऱ्हाइकाला विचारतात, हा डाग राहू दे का? लोक चक्रावतात. एकदोघांनी मात्र जरा थांबून, राहू द्या, असं सांगितलं आहे.

आणि दुकानात मागच्या बाजूला, जिथे कोणाचा धक्का लागणार नाही तिथे, त्या चित्राच्या मापाची एक काच मेस्त्रींनी कापून, पुसून, कागदात गुंडाळून ठेवली आहे. वर स्केचपेनने नाव लिहिलंय, ओव्हाळ, कांजूर. रोज दुकान उघडलं की ते देवाला उदबत्ती ओवाळतात आणि मग त्या काचेवरची धूळ झटकून तिला सांगतात, तू बस हयच, घाई नाय.